तपासणी फी नाही

काडेपेटीत, गोळ्यांच्या बाटलीत,
एकदा तर चुन्याच्या डबीत
लोक किडे आणून दाखवतात मला.
"वाळवी आहे का हो?" एवढंच विचारायचं असतं.
मी कपाळावरचा चष्मा खाली घेतो.

आधी कंबर बघायची.
वाळवीला कंबर नसते, शेवयीचा तुकडा नुसता.
मिशा सरळ, मण्यामण्यांच्या,
चारी पंख एकाच ताग्यातून कापल्यासारखे, एका मापाचे.
मुंगीची मिशी कोपरात वाकते,
पुढचे पंख मोठे, मागचे आखूड,
आणि कंबर अशी की सुईत ओवावी.
वाळवी निघाली तर भिंतीला भोकं, औषध, आठ हजार.
मुंगी निघाली तर चहा.

साखर पेठेतून मुंगीसाठी फोन आला
म्हणून बायको दिवसभर हसत होती.

भूदेवी येमुल उंबऱ्यात बसलेली, मांडीवर सूप,
कात्री चालू.
बाटली पुढे सरकवली, मान वर न करता.
"डोंगळा म्हणू नका. डोंगळ्याचं डोकं मोठं असतं.
हिचं डोकं बेताचं, पाठ बघा कशी फुगलीय.
आणि खांद्यावर खुणा आहेत,
पान कापल्यावर देठ राहतो ना, तशा.
पंख होते हिला."

मी भिंगातून बघितलं. होत्या. दोन्ही बाजूंना.
बावीस वर्षांच्या धंद्यात
माझ्याआधी कुणी ओळखली नव्हती राणी.
"तीस वर्षं झाली," ती म्हणाली,
"चेकर विडी फेकायच्या आधी मला कळतं, फेकणार.
परवा अशीच एक पकडली तर आठ पाय.
कोळी मेला, मुंगीचं सोंग घेऊन साखरेपाशी."

मुंगीला पंख फुटले की मरण, असं म्हणतात.
मी सांगितलं, नराचं तसंच असतं,
एक संध्याकाळ उडतो, सकाळी केरात.
ही उतरते, आणि स्वतःच ओढून तोडते पंख.
मग जागा शोधते, आत जाते, तोंड बुजवते.

"खाते काय?"
काही नाही. पंख हलवायचं जे मांस पाठीत असतं ना,
ते विरघळतं. त्यावर पहिली पोरं वाढवते.
कात्री थांबली.
मला वाटलं काहीतरी बोलेल.
"चहात साखर किती?" म्हणाली.

आतल्या खोलीत पलंग सरकवला तिनं,
फळी उचलली. खाली खड्डा.
सासऱ्याचा हातमाग होता म्हणे इथं,
पाय सोडून बसायचे ते, सकाळपासून.
माग कधीच विकला. खड्डा कोण विकत घेणार?
ओलसर माती, एका कोपऱ्यात जुनं सूत,
कुठल्या पातळाचं ते आता सांगता येणार नाही.

तिनं बाटली आडवी धरली.
राणी निघेना. बोटानं टकटक केलं.
मग निघाली, भिंतीच्या कडेकडेनं,
दुकानात पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकासारखी,
आणि मातीच्या एका भेगेत
डोकं, पाठ, पोट, असं हळूहळू संपली.

मी, माझं घर मुंग्या मारून चालतं.
पंप स्कूटरलाच बांधलेला होता.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
खाली वाकून म्हणालो,
"फळी जरा फटीवर ठेवा, हवा लागेल."

पावती पुस्तकात लिहिलं: साखर पेठ, तपासणी.
रकमेच्या रकान्यात रेघ मारली.
तिनं पिशवीत शेंगाचटणी दिली,
ती घेतली. ती का सोडायची.

दसऱ्याच्या आधी कधीतरी, भर दुपारी,
मी अक्कलकोट रस्त्याला एका गोदामात झुरळांत होतो,
फोन वाजला.
"पाच आल्यात," आवाज म्हणाला.
"बारीक आहेत. उपाशीपोटी वाढवलेल्या."
मागे कात्रीचा आवाज येत होता.
"तुम्ही येऊ नका."